घाटासाठी बुलेटचं इंजिन

भावा, घाटात जोर यावा म्हणून ३४६ सीसीच्या बुलेटला बिग बोअर किट, म्हणजे मोठा सिलिंडर-पिस्टन, बसवू म्हणतोस, पण एवढ्यात नको. ताकद वाढते तशी उष्णताही वाढते, आणि सामान लादून चोर्ला घाट चढताना तीच इंजिनाच्या मुळावर येते. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घे. कमी भरलं तरच हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, उघड.

बोअर करायचंच, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करायचंच ठरलं, तर पिस्टन आधी विकत घे आणि तो हातात घेऊनच बेळगावच्या उद्यमबागेत वर्कशॉपला जा. सिलिंडर त्या पिस्टनच्या मापाने कापतात. होनिंगनंतर, म्हणजे सिलिंडर आतून घासून घेतल्यावर, आतल्या भिंतीवर तिरप्या बारीक रेघांची जाळी दिसायलाच हवी, तेल तीच धरते. पिस्टनच्या रिंगचा गॅप, म्हणजे तिच्या टोकांमधली फट, फीलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी समोर मोजून घे, मिस्त्री कितीही ओळखीचा असो. क्लच प्लेटाही बघ.

नवं इंजिन थेट आंबोलीला नेऊ नकोस. खानापूरपर्यंत हलक्या हाताने फिरव, मग तेल बदल.