देशात एवढा कोळसा असताना परळीसारख्या वीजकेंद्रांना परदेशी कोळसा कशाला लागतो?

कोळसा असणं वेगळं आणि तो वेळेत पोचणं वेगळं. परळीचा २५० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला की दिवसाला साधारण ४,००० टन कोळसा खातो, म्हणजे रोज ५८-५९ वाघिणींची एक अख्खी मालगाडी. असे संच तिथे तीन! त्यात देशी कोळशात राखच ३५-४० टक्के. म्हणजे भाडं भरून आपण राखही ओढत आणतो. आयात कोळशात राख कमी, उष्णता जास्त. म्हणून २०२२ च्या टंचाईत केंद्र सरकारने १० टक्के मिसळायला सांगितलं. पण तो महाग, आणि बंदरातून आत आणायला पुन्हा रेल्वेच. परळीच्या वाटेवर गंगाखेडला आमची गाडी क्रॉसिंगला थांबली की मी वैतागण्याआधी समोरच्या वाघिणी भरलेल्या की रिकाम्या, ते बघतो.