मुलाच्या इसबावर बावची उगाळून लावावी का? की कडुलिंब, हळद बरी?

तुमच्या मुलाच्या कोपराच्या घडीत आणि गुडघ्यामागे इसब आहे, थंडीत वाढतं आणि शेजारच्या काकूंनी बावची सुचवलीय. डॉक्टर नाही मी, पण लहानपणापासून स्वतः इसबवाला आहे.

बावची नकोच. तिच्यातल्या सोरालेनमुळे कातडी उन्हाला हळवी होते. कोडावर ती जुन्या काळापासून वापरतात ते याच गुणामुळे, आणि त्वचेचे डॉक्टरही सोरालेन देऊन किरणांचे उपचार करतात, पण मोजूनमापून. तुमचं पोरगं बावची लावून ग्राउंडवर गेलं की फोड आलेच म्हणून समजा. बिब्बा कोणी सुचवला तर हात जोडा.

कडुलिंबाचा पाला उकळून त्या कोमट पाण्याने अंघोळ घालायला हरकत नाही. वाटून लेप मात्र नको: तो सुकला की कातडी ओढली जाते आणि खाज दुप्पट. हळदीचंही तेच, वर शाळेचा शर्ट पिवळा.

इसबात कातडीत ओलावा टिकत नाही, म्हणून स्निग्ध काहीतरी हवं. माझं मत शतधौत घृताला, म्हणजे शंभर वेळा पाण्याने धुतलेल्या तुपाला. गाईचं साजूक तूप तांब्याच्या परातीत घ्यायचं (आमची परात पुण्याच्या तांबट आळीतली), गार पाणी घालून तळहाताने फेसायचं, पाणी ओतून द्यायचं, परत नवीन घालायचं. असं शंभर वेळा. खांदा भरून येतो, घरातल्यांना पाळ्या लावा. हळूहळू तुपाचा वास जातो, पिवळेपणा जातो आणि लोण्यासारखं पांढरंशुभ्र मलम हाताला लागतं. त्यात पाणी उरतं, त्यामुळे थोडंच करा, फ्रीजमध्ये ठेवा, बरणीत बोटं घालू नका. अंघोळीनंतर अंग जरा ओलसर असतानाच लावायचं. पोटात घ्यायचं नाही. एवढा खटाटोप नको असेल तर मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानांत तयार मिळतं का विचारा.

याने खाज आणि कोरडेपणा कमी होतो, इसब मुळापासून जात नाही. चट्टा गोल आणि कडेला उठलेला असेल तर तो नायटाही असू शकतो, त्याला तुपाचा उपयोग नाही. पाणी किंवा पू येत असेल तर घरी काही न लावता ससून रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवा. आणि लेबल नसलेल्या डबीतल्या ‘आयुर्वेदिक’ मलमाने दोन दिवसांत चमत्कार झालाच, तर आत स्टेरॉइड असल्याचा संशय घ्या.