आकडा सापडला, पण तो नेमका कशाचा? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : २०११ च्या जनगणनेत पालघर जिल्ह्याची साक्षरता शोधतेय, जिल्ह्यांच्या यादीत पालघरच नाहीये. फाइल चुकीची आहे का?

फाइल बरोबर आहे ओ. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला, त्यामुळे २०११ च्या टेबलमध्ये तो जुन्या ठाण्यातच आहे, आणि म्हणून ठाण्याची लोकसंख्या तिथे १ कोटी १० लाख दिसते. वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा आणि पालघर असे आठ तालुके घ्या आणि बेरीज करा. पण टक्केवारीची सरासरी अजिबात काढू नका! मोखाडा आणि वसईला सारखंच वजन दिलं तर उत्तर चुकणारच. आधी साक्षर माणसं मोजा, मग भागा, आणि भागायचं ते ७ वर्षं आणि पुढच्या लोकसंख्येने, कारण जनगणनेत ६ वर्षांपर्यंतची मुलं साक्षरतेच्या हिशोबात धरतच नाहीत. अशी व्याख्या म्हणजेच मेटाडेटा, आकड्याबद्दलची माहिती. जमीन घेताना आपण सातबारा बघतो ना, तसंच आकडा घेताना हे बघायचं.

प्रश्न : २०२३-२४ चा बेरोजगारी दर एकीकडे ३.२ टक्के, दुसरीकडे ४.९. खरा कोणता?

दोन्ही खरे, आणि दोन्ही एकाच सरकारी सर्व्हेतले, पीएलएफएसमधले (पीरिऑडिक लेबर फोर्स सर्व्हे, म्हणजे रोजगार-बेकारी मोजणारा सर्व्हे). ३.२ हा मागच्या ३६५ दिवसांचा हिशोब आहे, त्यात कुणी वर्षात ३० दिवस जरी काम केलं असेल तरी तो रोजगारात मोजला जातो. ४.९ हा मागच्या ७ दिवसांचा, तिथे आठवड्यात एक तास काम केलं तरी पुरतं. म्हणजे हंगामात ऊसतोडीला गेलेला आणि आता काम शोधत असलेला माणूस पहिल्यात कामावर, दुसऱ्यात बेकार. मला फार वाईट वाटतं जेव्हा लोक एका वर्षाचा पहिला आकडा आणि दुसऱ्या वर्षाचा दुसरा आकडा शेजारी ठेवून बेकारी वाढली की कमी झाली यावर भांडतात. आणि हो, २०२३-२४ मध्ये या सर्व्हेचं वर्ष जुलै ते जून असं होतं.

प्रश्न : त्याच सर्व्हेचा मूळ डेटा डाउनलोड केला, नुसती अंकांची रांग दिसते. काय करू?

सोबतची लेआउट फाइल उघडा, कितव्या जागेवर वय, कितव्यावर शिक्षण हे त्यात लिहिलेलं असतं. मल्टिप्लायरचा कॉलम मात्र सोडू नका, कारण एक ओळ म्हणजे एकच माणूस नाही, ती त्याच्यासारख्या बऱ्याच जणांच्या वतीने असते, आणि किती जणांच्या ते मल्टिप्लायरवरून कळतं. मल्टिप्लायर कसा वापरायचा ते डेटासोबतच्या रीडमी या सूचनांच्या फाइलमध्ये दिलंय. ते झालं की तुमचा दर छापील रिपोर्टमधल्या दराशी ताडून बघा, जुळला तरच पुढे जा.