सत्तरीनंतर कॉक्लियर इम्प्लांट करावे का?

आपल्या ७४ वर्षांच्या आईला श्रवणयंत्राने शब्द कळत नाहीत आणि नातेवाईक ‘या वयात शस्त्रक्रिया कशाला’ म्हणतात, असे आपण लिहिले आहे. हेच वाक्य माझ्या थोरल्या भावाने आमच्या घरी चार वर्षे चालवले, म्हणून हे उत्तर. कॉक्लियर इम्प्लांट म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचे, श्रवणाच्या नसेला थेट विद्युत संकेत देणारे उपकरण.

वडील निवृत्त शिक्षक. आवाज कानावर पडे, पण शब्द सुटे होत नसत; त्यामुळे चारचौघांत ते नुसते हसून मान डोलवू लागले आणि आम्ही त्याला शांत स्वभाव समजलो. अखेर तपासणीला गेलो, तेव्हा तज्ज्ञांनी वयापेक्षा ‘शब्द कळेनासे होऊन किती वर्षे झाली’ हेच खोदून विचारले, कारण श्रवणाची नस जितकी जास्त काळ आवाजाविना राहते तितका लाभ कमी होण्याची शक्यता असते. आमची चार वर्षे वादात गेली होती.

शस्त्रक्रिया दोन-तीन तासांत झाली. तीन आठवड्यांनी बाहेरचा प्रोसेसर (आवाज टिपून आतल्या भागाकडे पाठवणारे यंत्र) सुरू केला, तेव्हा वडील म्हणाले, ‘पत्र्याच्या डब्यातून कोणीतरी बोलते आहे.’ भाऊ लगेच ‘पैसे पाण्यात गेले’ म्हणून मोकळा झाला. त्यानंतर आईने रोज संध्याकाळी ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे पदर धरून वर्तमानपत्र वाचले, वडिलांनी प्रत्येक ओळ म्हणून दाखवली आणि मधूनमधून मॅपिंगच्या, म्हणजे यंत्राची पातळी त्यांच्या ऐकण्याशी जुळवून घेण्याच्या, फेऱ्या झाल्या. सहाव्या महिन्यात भावाचा फोन वडिलांनीच उचलला. तो सवयीने ‘आईला दे’ म्हणाला, तेव्हा ‘का, मला सांगण्यासारखे नाही का?’ असे त्यांनी विचारले.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे: भूल सोसण्याइतकी प्रकृती असेल, तर केवळ वयाचे कारण देणे हा आळस आहे. मात्र हेही सांगायला हवे की शस्त्रक्रिया केलेल्या कानात उरलेले नैसर्गिक ऐकणे जाऊ शकते, गाणे पूर्वीसारखे लागत नाही (वडिलांनी नाट्यसंगीत सोडले ते सोडलेच), एमआरआय करताना आतल्या चुंबकाचा विचार करावा लागतो आणि खर्च लाखांत जातो. केंद्र सरकारच्या एडिप (अपंगांना साहाय्यक उपकरणे देणाऱ्या) योजनेतून इम्प्लांट मिळते ते मुलांना.

नातेवाईकांची बैठक मात्र बोलावू नका. प्रश्न कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून आईंच्याच हाती द्या. आमच्याकडे त्या चार वर्षांत वडिलांना कोणी विचारलेच नव्हते, मीसुद्धा नाही.