"पोरीला अप्रेंटिस करायला इथवर आणली नाही"

इंग्लंडमध्ये राहणारे मराठी आईवडील सध्या माझ्याकडे एक प्रश्न वारंवार घेऊन येतात. मुलगा किंवा मुलगी ए-लेव्हलच्या (इथली अकरावी-बारावी) शेवटच्या वर्षाला असते, मार्क चांगले असतात, आणि एके दिवशी जेवताना ती सांगून टाकते की मला पूर्णवेळ युनिव्हर्सिटीत जायचं नाही, डिग्री अप्रेंटिसशिप करायची आहे. म्हणजे नोकरी करता करता पदवी. ही पदवी खरी असते का? आणि नोकरी सांभाळून अभ्यास झेपेल का?

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तिघंही आले होते. मुलगी सतरा वर्षांची, गणित आणि फिजिक्समध्ये हुशार. आई बाजूला गप्प बसलेली. वडील बसता बसताच म्हणाले, "ताई, पोरीला अप्रेंटिस करायला मी इथवर आणली नाही."

आपल्या घरांत बऱ्याचदा हा शब्दच आडवा येतो. आपल्याकडे आयटीआय झालेली मुलं 'अप्रेंटिस लागतात', विद्यावेतनावर वर्षभर राबतात आणि पुढे कायम होण्याची वाट बघतात. त्या कामात कमीपणा नाहीच, पण वडिलांच्या डोळ्यांसमोर तेच चित्र होतं. म्हणून आधी ते चित्र बाजूला केलं. डिग्री अप्रेंटिसशिप इंग्लंडमध्ये २०१५ पासून आहे. पदवी विद्यापीठच देतं, कंपनी नाही. मुलगी पहिल्या दिवसापासून कंपनीची पगारी कर्मचारी असते. ज्यांचा पगारावरचा वार्षिक खर्च ३० लाख पाउंडांच्या वर आहे, त्या कंपन्या २०१७ पासून त्याच्या ०.५ टक्के लेव्ही, म्हणजे प्रशिक्षणासाठीचा सरकारी कर, भरतात, आणि शिक्षणाचा खर्च त्यातून भागतो. मुलीने फीपोटी एक पेनीही द्यायची नसते. पूर्णवेळ शिकणाऱ्यांना मात्र २०२५-२६ मध्ये वर्षाला ९,५३५ पाउंडांपर्यंत फी होती, आणि बहुतेक मुलं ती कर्जातूनच भरतात.

"बाँड असेल ना? मध्येच सोडलं तर पैसे भरून घेतील," वडील म्हणाले. चांगला प्रश्न होता. शिक्षणाचा खर्च अप्रेंटिसकडून घ्यायचा नाही, तिने मध्येच सोडलं तरी नाही, असं सरकारी निधीच्या नियमांतच आहे. पगाराचंही सांगितलं: कायद्याने अप्रेंटिसचा किमान दर एप्रिल २०२५ पासून ताशी ७.५५ पाउंड होणार होता, पण पदवीच्या जागांना कंपन्या सहसा त्याहून बराच जास्त पगार देतात.

वडिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पटतंय ताई. पण नको."

'पटतंय पण नको' ऐकलं की मी माहिती देणं थांबवते. अडलेलं कुठेतरी वेगळंच असतं. पुढच्या आठवड्यात मी त्यांना एकट्यांना बोलावलं आणि फक्त एवढंच विचारलं, "तुमचं शिक्षण कसं झालं?"

ते बराच वेळ बोलत होते. इचलकरंजीत यंत्रमागावर रात्रपाळी, सकाळी सातला सुटले की सायकलवरून थेट कॉलेज. पहिल्या तासाला डोळे मिटायचे. मास्तर रागवायचे नाहीत, आणि त्याचंच जास्त वाईट वाटायचं. टीवायला एका विषयात गेले, वर्ष गेलं, आणि घरी सांगायचं धाडस महिनाभर झालं नाही. "माझ्या पोरीने वर्गात झोपू नये, एवढंच मला हवंय," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

आता बोलण्याला अर्थ होता. मी त्यांना सांगितलं की तुम्ही नोकरी करून उरलेल्या वेळात शिकलात, आणि या दोन व्यवस्थांमधला सगळा फरक तिथेच आहे. इथे प्रशिक्षणाचे तास पगारी कामाच्या वेळातच धरावे लागतात. तेव्हाच्या नियमाप्रमाणे पूर्णवेळ काम करणाऱ्याला आठवड्याला सरासरी किमान सहा तास. पदवीसाठी अनेक ठिकाणी आठवड्यातला एक अख्खा दिवस विद्यापीठाचा असतो, काही ठिकाणी एकदम एक-दोन आठवड्यांचा ब्लॉक.

"म्हणजे वर्गात बसल्याचा पगार?"

"हो."

"कंपनी देणार?"

"हो."

त्यांनी पुन्हा एकदा विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं.

पण मी त्यांना अर्धंच सांगून पाठवू शकत नव्हते. असाइनमेंट त्या एका दिवसात मावत नाहीत. संध्याकाळ जाते, रविवार जातो, आणि हे तीन वर्षांपासून पाच-सहा वर्षांपर्यंत चालतं. म्हणून तिसऱ्या भेटीत मुलीला समोर कागद दिला आणि तिच्या संभाव्य आठवड्याचं वेळापत्रक मांडायला लावलं. चार दिवस ऑफिस, एक दिवस विद्यापीठ, प्रवास, जेवण, झोप. तिने उत्साहाने भरलं. मग मी म्हटलं, मैत्रिणींना उन्हाळ्यात जवळजवळ तीन महिने सुट्टी असेल. तुला कायद्याने वर्षाला किमान २८ दिवस, तेही बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्ट्या, धरून. तिचं पेन थांबलं. हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला फीपेक्षाही मोठी वाटते. पूर्णवेळ पदवीला मुलं विषय निवडतात. इथे सतराव्या-अठराव्या वर्षी व्यवसाय निवडावा लागतो. तिला विचारलं, "फिजिक्स हवंय की इंजिनिअरिंग?" तिने लगेच उत्तर दिलं नाही, ते मला आवडलं. शुद्ध फिजिक्सचं वेड असतं तर मी तिला पूर्णवेळच जा असं सांगितलं असतं. दोन आठवड्यांनी तिचा मेसेज आला: "वस्तू बनवायच्या आहेत. नक्की."

मग कामाला लागलो. यूकॅसमधले, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या सामाईक अर्जातले, पाच पर्याय भरायचेच, कारण अप्रेंटिसशिपचे अर्ज त्या पाचांत मोजले जात नाहीत. ते थेट कंपनीकडे जातात, आणि प्रत्येकीची मुदत वेगळी. जागा थोड्या, अर्ज भरपूर, तेव्हा दुसरं दार उघडं ठेवायलाच हवं. व्हिसावर असलेल्या कुटुंबांनी वास्तव्याच्या अटी अगदी सुरुवातीला तपासाव्यात. या घराला ती अडचण नव्हती. तिने चार कंपन्यांकडे अर्ज केले. दोघींनी चाचणीतच नाकारलं. त्या आठवड्यात आईचा फोन आला, पोरगी जेवत नाही म्हणून. तिसरीने असेसमेंट सेंटरनंतर (मुलाखत, गटकाम अशी निवडीची फेरी) कळवतो म्हटलं आणि कळवलंच नाही. चौथीची ऑफर मार्चमध्ये आली.

सप्टेंबरआधी वडील पुन्हा एकदा आले, हातात ट्रेनिंग प्लॅनचा मसुदा घेऊन. या कागदावर कंपनी, विद्यापीठ आणि अप्रेंटिस तिघांच्या सह्या होतात. पगाराबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. प्रशिक्षणाच्या तासांचा रकाना त्यांनी पेन्सिलने अधोरेखित केला होता, आणि समासात बारीक मराठी अक्षरात लिहिलं होतं: वार कोणता, ते विचारणे.