गुरुजी, ते लाल पेन आधी खाली ठेवा

(पत्र थोडं कमी करून छापलंय. पक्षांची आणि पुढाऱ्यांची नावं मी गाळली आहेत. त्यांचं इथं काही काम नाही.)

आक्का, सप्रेम नमस्कार.

मी पलूस तालुक्यातला, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. वय ६८. आम्ही दोघे भाऊ. धाकट्याला गावात सगळे तात्या म्हणतात. बहात्तरच्या दुष्काळात सातवीतच त्याची शाळा सुटली, पण शेतीत हुशार. दोघांची मिळून असलेली द्राक्षबाग तोच बघतो. इंग्रजांविरुद्ध भूमिगतांनी चालवलेल्या प्रतिसरकारच्या वेळी आमच्या आजोबांनी उसाच्या फडात लपलेल्या भूमिगतांना भाकऱ्या पोचवल्या होत्या. क्रांतिसिंह नाना पाटलांचा हा मुलूख. देशासाठी एक झालेली माणसं आम्ही लहानपणी पाहिली.

आता घरातच दोन पक्ष झालेत. गेल्या निवडणुकीपासून तात्या एका पक्षाच्या पुरता आहारी गेला. भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी काहीतरी भडक टाकायचा. एकदा त्यानं एका पुढाऱ्याच्या नावावर खपवलेलं वाक्य टाकलं आणि वर स्वतःच्या दोन ओळी लिहिल्या. तसं वाक्य तो पुढारी कधी बोललाच नव्हता. मी ते पुराव्यानिशी दाखवलं, राजकारणातल्या भक्तीबद्दलचा डॉ. आंबेडकरांचा इशारा टाकला, त्याच्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या आणि सर्वांनी बंधुभावाने वागावे असं आवाहन केलं. एक अक्षर न बोलता तो ग्रुपमधून बाहेर पडला. पाच महिने बोलणं बंद आहे. सकाळचा चहा आमच्याकडं घ्यायचा, तोही बंद. मंडळी सांगतात, आता खताच्या दुकानदाराला यादी पाठवायची झाली तरी तो नातवाकडून लिहून घेतो.

पूर्वी मतभेद होते, मनभेद नव्हते. देशाचं हे काय झालं? त्याला समजावण्यासाठी मी बारा मुद्द्यांचं पत्र तयार केलंय, सोबत जोडलंय. भाषा सौम्य आहे ना, तेवढं बघावं.

— एक व्यथित नागरिक

गुरुजी,

तुमच्या पत्रात देश पानभर पसरलाय आणि शुद्धलेखन एका स्वल्पविरामात उरकलंय. मी त्या स्वल्पविरामापाशीच थांबणार आहे.

पुरावा म्हणून तुम्ही त्या दिवशीच्या ग्रुपचा फोटो जोडलात. बरं केलंत. तात्यानं लिहिलंय : ‘देशासाठी मरनारे खुप झाले आनी खानारे पन खुप झाले. आता निवडनूकीत दाखवू.’ त्याखाली तुमचं उत्तर. पुढाऱ्याच्या वाक्याचा खुलासा नंतर येतो, आंबेडकर त्याच्याही नंतर. सगळ्यात आधी, आकडे घालून : १) मरनारे – मरणारे. २) खुप – खूप. ३) आनी – आणि. ४) खानारे – खाणारे. ५) पन – पण. ६) निवडनूकीत – निवडणुकीत. आणि शेवटी एक ओळ, जी पत्रात सांगायची तुम्ही विसरलात : ‘आधी मराठी नीट लिहावे, मग देशाबद्दल बोलावे.’ त्याखाली पोरासोरांनी हसून लोळणारी तोंडं टाकलीत. तात्याचे जावईही त्याच ग्रुपात आहेत, त्यांचाही अंगठा आहे. आणि सगळ्यांत खाली तुमचं बंधुभावाचं आवाहन, हात जोडून.

गुरुजी, जावयासमोर सासऱ्याची अक्कल काढलीत तुम्ही. आपल्याकडं एवढ्यावरून सोयरिकी तुटल्यात. आणि तुम्ही मला विचारताय, देशाचं काय झालं!

मेसेज खोटा होता, हे मला मान्य. तुमचा पुरावा पक्का होता, तेही मान्य. त्याबद्दल शाबासकी हवी असेल तर ती तुम्हाला ग्रुपवर मिळालेली आहे.

आता बहात्तरकडं बघू. पत्रात तुम्ही लिहिलंय, शाळा ‘सुटली’. जणू एसटी सुटावी. त्या साली तुम्ही मॅट्रिकच्या वाटेवर असणार, तो तेरा वर्षांचा. घरात दोन पोरं, विहिरीला पाणी नाही, रेशनवर लाल मिलो, कामावर सुकडी. पत्रात नाही, पण अंदाजानं सांगते : एकाच्या हातात वही राहिली आणि दुसरा आईबरोबर खडी फोडायला गेला. दोघांना शिकवणं त्या साली कुणालाच झेपलं नसतं, आणि थोरला तुम्ही होतात. यात तुमचा दोष नाही. पण जो ‘ण’ आणि जो दीर्घ ऊकार तुमच्या हाती लागला, तो तात्याच्या दुष्काळी कामाच्या हजेरीवर लागलाय. पुढं चाळीस वर्षं तो बाग बघत होता म्हणून तुम्ही महिन्याच्या पगारावर निवांत शाळा शिकवलीत. आणि त्याच शाळेची छडी त्याच्यावर उगारलीत, तीही भावकी आणि पाव्हण्यांच्या देखत.

आणि ‘आनी’ वाचून त्या ग्रुपात कुणाला अर्थ लागला नव्हता? सगळ्यांना लागला. तो बोलतो तसं लिहितो. पलूसपासून वाळव्यापर्यंत निम्मा मुलूख तसंच बोलतो.

ज्या क्रांतिसिंहांचं नाव तुम्ही मोठ्या मानानं घेतलंत, त्यांची भाषणं कशी होती हे तुमच्या आजोबांनी नक्की सांगितलं असेल. येडे मच्छिंद्रचा माणूस, तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत आलेला. गावरान मराठीत, शेतातले दाखले देत, चेष्टामस्करी करत बोलायचा आणि लोक रात्र रात्र ऐकत बसायचे. १९४३ ते १९४६ या काळात प्रतिसरकारनं गावोगावी न्यायदान मंडळं चालवली, भावकीचे आणि बांधाचे तंटे मिटवले, थोडक्या खर्चात गांधी विवाह लावले. कुंडल तर तुमच्याच तालुक्यातलं. त्या मंडळांपुढं उभ्या राहणाऱ्या माणसाला ‘आधी नीट बोल, मग गाऱ्हाणं सांग’ असं म्हटलं असतं, तर तुमच्या आजोबांच्या भाकऱ्या खायला फडात कुणी उरलं नसतं.

‘मतभेद होते, मनभेद नव्हते’ हे वाक्य आता लग्नपत्रिकेवर छापायचं तेवढं राहिलंय. ते खरंही नाही. प्रतिसरकारच्या काळात याच गावांत खबरे होते आणि त्यांना काय शिक्षा व्हायच्या, हे म्हातारी माणसं आजही आवाज खाली करून सांगतात. स्वातंत्र्य मिळालं आणि बेचाळीसला एकाच बाजूला असलेली माणसं वेगवेगळ्या वाटांनी गेली. नाना पाटील आधी शेतकरी कामगार पक्षात, मग कम्युनिस्ट पक्षात. बेचाळीसला भूमिगत झालेले देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण काँग्रेसमध्ये. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर तर दोघे समोरासमोर. १९५७ ला नाना पाटील साताऱ्यातून लोकसभेवर गेले ते यशवंतरावांच्या पक्षाला पाडून, आणि यशवंतराव तेव्हा द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते. घराघरांत तेव्हा काय भांडणं झाली असतील, विचार करा.

त्याच साली ३० नोव्हेंबरला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला आले. संयुक्त महाराष्ट्र समितीनं वाईपासून पसरणीच्या घाटात माणसं उभी केली, हातात काळी निशाणं. राग खरा होता, मुंबईत आंदोलनात माणसं मेली होती. तरीही निदर्शनं शांततेत झाली. पंतप्रधान आले, अनावरण झालं, परत गेले. ज्यांनी निशाणं धरली त्यांनी आपलं म्हणणं तसूभरही सोडलं नाही. अडीच वर्षांत, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि पहिले मुख्यमंत्री झाले तेच यशवंतराव. विरोध दणकून करता येतो, गुरुजी. घाटातल्या त्या माणसांनी आपला विरोध समोरच्याला पुरता दाखवला आणि त्याला सुखरूप घरीही जाऊ दिलं. तात्याला तुम्ही घरी जायलाही तोंड ठेवलं नाहीत.

बाबासाहेबांच्या ज्या भाषणातला इशारा तुम्ही ग्रुपवर टाकलात ते २५ नोव्हेंबर १९४९ चं, संविधान सभेतलं. धर्मातली भक्ती आत्म्याला मुक्तीकडं नेईल कदाचित, राजकारणातली भक्ती अधोगतीकडं आणि शेवटी हुकूमशाहीकडं नेते, असं ते म्हणाले. नेमकं बोट ठेवलंत, तात्याला ते लागूही असेल. पण त्याच भाषणात थोडं पुढं ते असंही म्हणाले की बंधुता नसेल तर समता आणि स्वातंत्र्य ही रंगाच्या हातापेक्षा खोल जाणार नाहीत. ते तुम्ही कापलंत. मग बंधुतेची भर म्हणून तळाशी हात जोडलेलं चित्र टाकलंत. शाळेत दर २६ जानेवारीला पोरांकडून उद्देशिका म्हणून घेतली असेल तुम्ही. ‘व्यक्तीची प्रतिष्ठा व राष्ट्राची एकता आणि एकात्मता’, याच क्रमानं आहे ते. आधी व्यक्तीची प्रतिष्ठा. जावयासमोर बसलेल्या व्यक्तीचीसुद्धा.

जाता जाता विचारते, ग्रामसभेला शेवटचे कधी गेला होता? कायद्यानं वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते. तेवढीही जमत नाहीत म्हणून तहकूब झालेल्या सभा तुमच्या पाहण्यात असतीलच. देशाबद्दल जे काही बोलायचं ते तोंडासमोर बोलायची सोय गावात आहे, फुकट आहे, आणि तिथं ‘आनी’ आणि ‘आणि’ यांना एकच मत असतं. पण तिथं गेलं की समोरच्याचं ऐकून घ्यावं लागतं, म्हणून आपण सगळे ग्रुपवर शूर.

असो. मला जास्त खुपलं ते तुमच्या मंडळींनी सांगितलेलं. खताची यादी तात्या नातवाकडून लिहून घेतो. आयुष्यभर बागेचा हिशेब स्वतः ठेवलेला माणूस, कुठल्या औषधाची फवारणी कधी आणि किती मापाची हे लिहून ठेवणारा, आता युरियाचा ‘यू’ लिहायला नातवाला हाक मारतो. पक्षाचं खूळ त्याच्या डोक्यातून गेलंय का? नाही, उलट वाढलं असणार, कारण तिकडं त्याला कुणी शुद्धलेखन विचारत नाही. तुमच्या सहा दुरुस्त्यांनी त्याचं लिहिणं तेवढं बंद झालं.

तर आता करायचं एवढंच. तुमची चूक चारचौघांत झालीय, तर माफीही तिथंच मागायची. तुम्ही नेमकं उलट करायला निघालाय : अपमान ग्रुपवर आणि समजूत खाजगी पत्रात, बारा मुद्द्यांची. आज रात्री जेवण झाल्यावर, भावकी फोन हातात घेऊन बसते त्या वेळेला, त्याच ग्रुपवर हे टाका :

‘तात्याच्या लिहिण्यातल्या चुका मी सगळ्यांसमोर काढल्या आणि त्याला बोललो. ते मी फार वाईट केलं. तात्या, मला माफ कर. – दादा’

यात शब्द वाढवायचा नाही. ‘मेसेज खोटा होता तरीही’ नको, ‘माझा हेतू चांगला होता’ नको, ‘पण’ तर अजिबात नको, मग तो कितीही शुद्ध लिहिलेला असो. एखादं सुभाषित सुचलं तर फोन मंडळींच्या हातात द्या. तात्या ग्रुपात नाही याची काळजी करू नका. अर्ध्या तासात कुणीतरी त्याला नेऊन दाखवील, भावकी असते कशाला. त्याला विचारल्याशिवाय ग्रुपात परत घेऊ नका. आणि ज्यांनी हसणारी तोंडं टाकली होती त्यांनी आता फुलं टाकली, तर त्यांना उत्तर देत बसू नका.

दुसऱ्या दिवशी बागेत जा, एकटे. ऑक्टोबर छाटणीचे दिवस आहेत, तो तिथंच असणार. राजकारण तुम्ही काढायचं नाही. त्यानं काढलं तर ऐका. शिव्या घातल्या तर त्याही ऐका, पाच महिन्यांच्या साठलेल्या असतील. पुढं कधीतरी तो पुन्हा खोटा मेसेज पाठवेल, पाठवणारच. तेव्हा त्याला असाच बांधावर गाठून विचारा, ‘हे तुला कुणी पाठवलं रे?’ आणि मग त्याला सांगू द्या. घरी परत येऊन त्यावर ग्रुपवर काही लिहायचं नाही.

तो बारा मुद्द्यांचा कागद मी वाचला. भाषा सौम्य आहे, अक्षर सुरेख आहे, चूक एकही नाही. तो मी तुम्हाला परत पाठवत नाही.

— आक्का