मारुतीला पाणी कुठवर लागलं?

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

परवा जिन्यात तू म्हणालीस, "काका, एकदा परीक्षा होऊ दे, मग इगतपुरीला दहा दिवस जाऊन बसते. त्याशिवाय डोकं शांत व्हायचं नाही." मी मान डोलावली, पण ते काही मला पटलं नव्हतं. तिथंच बोलत बसलो असतो तर तुझी बस चुकली असती, म्हणून हे कागदावर.

जरूर जा. तिथल्या धम्मगिरी विपश्यना केंद्रात फी घेत नाहीत, फोन सुरुवातीलाच जमा करतात, पहाटे चारला उठवतात आणि मौन पाळायचं असतं. पण तुझी परीक्षा तीन महिन्यांवर आहे. तोवर काय करणार? सकाळी डी. फार्म.चं कॉलेज, चारपासून मेडिकलच्या काउंटरवर, रात्री जेवता जेवता क्लासचे व्हिडिओ. शांततेलाही दिवाळीच्या सुट्टीसारखी तारीख लावून ठेवलीस की काय?

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यामुळे मला दाखले पाण्याचेच सुचतात. आपल्या नाशिकच्या गंगापूर धरणात सुमारे ५,६३० दशलक्ष घनफूट पाणी मावतं. लोकांना वाटतं, पाऊस आला की भरून घ्यायचं आणि शंभर टक्के झालं की दारं उघडायची. तसं केलं तर गोदाकाठचा बाजार एका रात्रीत पाण्यात जाईल. भर पावसाळ्यात कोणत्या तारखेला पातळी कुठवर असू द्यायची याचं वेळापत्रक ठरलेलं असतं आणि ती मुद्दाम थोडी खाली ठेवतात. पुढचा पाऊस किती येईल कोणाला ठाऊक, त्याला जागा हवी. म्हणून धरण भरायच्या आधीच विसर्ग सुरू होतो, टप्प्याटप्प्याने. तेव्हा गावातली माणसं हमखास आमच्या नावानं बोटं मोडायची, की एवढं पाणी वाया घालवता!

तुलाही तसंच वाटतं, रिकामी वीस मिनिटं म्हणजे वाया. बसमध्येसुद्धा कानात नोट्स. मग कॉलेजनं प्रॅक्टिकल दोन दिवस अलीकडे घेतलं की तू रडकुंडीला येतेस. प्रॅक्टिकल तेवढं मोठं नसतं गं, तुझ्याकडे जागा नसते.

दुकानातून सुटल्यावर घरी येईपर्यंत कानात काही घालू नकोस. अगदीच छातीत धडधडलं तर श्वास घ्यायला जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ सोडायला दे, पाचेक मिनिटं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, हे मी औषधवालीला काय सांगायचं! आणि रात्री दोनपर्यंत जागणं बंद कर. वाचलेलं झोपेत पक्कं होतं, तू नेमकी तीच झोप कापतेस.

आता मारुतीचं, गोदेच्या पात्रातल्या त्या उंच मूर्तीचं. पूर आला की आपण नाशिककर काय विचारतो? किती क्युसेक सोडलं ते आमच्यासारखे विचारतात. बाकी गाव विचारतं, दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. पाणी चढायला लागलं की काठावरचे दुकानदार सामान हलवतात. तुझाही असा एक मारुती ठरव. मला वरून ऐकू येतं म्हणून सांगतो, आईच्या फोनला तू "हं, हं, बोल लवकर" म्हणायला लागलीस की पाणी कमरेला आलेलं असतं. डबा तसाच परत आणलास की छातीला. त्या दिवशी एक काम सरळ सोडून द्यायचं, आणि आदल्या दिवसाचा हिशोबही बघायचा. धरणातून सोडलेलं पाणी रामकुंडावर पोचायला काही तास लागतात. सोमवारची दगदग अनेकदा बुधवारी बाहेर येते.

मला हे फार उशिरा कळलं. विभागीय परीक्षेच्या वर्षी वडील आजारी, त्यात पावसाळ्याची ड्यूटी, आणि मी आपला सगळं जमेल म्हणत राहिलो. पेपरात एका उत्तराच्या जागी आदल्या रात्रीची पाणीपातळी लिहून आलो. नापास झालो ते झालोच, घरी येऊन ओरडलो मात्र आईवर. ते अजून सलतं.

आणि एक, हे मनावर घे. दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, कशातच जीव लागत नाही असं झालं तर माझी पत्रं वाचत बसू नकोस. मनाच्या त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलतात. लाव, किंवा माझं दार वाजव, मी लावून देतो.

रविवारी सकाळी मी सोमेश्वरला धबधब्यापर्यंत चालत जातो. यायचं असेल तर साडेसहाला खाली ये. येताना मिसळ, माझ्याकडून. नोट्स आणल्यास तर पैसे तू द्यायचे.

तुझे,
खालच्या मजल्यावरचे काका